आधी पाणी, मग वाट

मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उभे आहे. जुन्या पिढीच्या तोंडी त्याचे नाव अजून बोरिवली नॅशनल पार्क असेच आहे. भिवंडीहून कशेळीची खाडी ओलांडून ठाण्यात शिरताना समोर जे हिरवे डोंगर दिसतात, ते येऊरचे; म्हणजे याच उद्यानाची पूर्व बाजू. या जंगलात तुळशी आणि विहार असे दोन तलाव आहेत. पावसाळ्यात डोंगरउतारांवरून असंख्य ओहोळ आणि धबधबे वाहतात. इथली पायवाट ठरवताना पहिला विचार या पाण्याचा करावा लागतो.

तलाव आणि धबधब्यांचे राष्ट्रीय उद्यान म्हटले की जगात क्रोएशियातील प्लिट्विसेचे नाव घेतले जाते. तिथे पाण्यातील चुन्याचे थर साचून नैसर्गिक बांध तयार झाले आणि त्यांच्यामागे एकाखाली एक सोळा तलाव उभे राहिले. धबधबे बाराही महिने वाहतात, लाकडी फळ्यांच्या वाटा पाण्यावरून जातात आणि पर्यटकाने आखून दिलेल्या फेऱ्यांपैकी एक निवडली की काम होते. बोरिवलीच्या जंगलाची घडण निराळी आहे. इथला खडक काळा बेसाल्ट आणि पाऊस चार महिन्यांचा. दोन्ही तलाव माणसाने बांध घालून केलेले आहेत. विहार १८६० मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९ मध्ये. विहारची क्षमता सुमारे २,७७० कोटी लिटर आणि तुळशीची सुमारे ८०५ कोटी लिटर आहे. दोन्ही तलाव मुंबईला पिण्याचे पाणी पुरवतात. त्यामुळे त्यांच्या काठाने मनमुराद भटकता येत नाही. तो परिसर संरक्षित आहे. वाटेचा आराखडा करताना हे तलाव मुक्कामाची ठिकाणे न मानता नकाशावरच्या खुणा मानावेत.

त्या खुणांवरून पाण्याची दिशा कळते. दहिसर नदी तुळशीच्या बाजूला उगम पावते आणि पश्चिमेला उतरते. पोईसर आणि ओशिवरा या नद्याही याच डोंगरांतून निघतात. विहार आणि पवई हे तलाव भरून वाहू लागले की ते पाणी मिठी नदीला मिळते. उत्तरेला चेना नदी घोडबंदरच्या दिशेने खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या पुराने मुंबई बुडाली. अशा नद्यांचा उगम ज्या उतारांवर आहे, तिथे डोंगरमाथ्यावर सर कोसळली की खालचा घोटाभर ओहोळ थोड्याच वेळात कमरेएवढा होतो. खाली ऊन असले तरी हे घडते. म्हणून नकाशावर वाट आखताना ती किती वेळा ओहोळ ओलांडते, हे आधी मोजावे. धारेवरून जाणारी वाट लांबची वाटली तरी पावसात तीच भरवशाची. घळीतून जाणारी वाट जवळची असली, तरी परतताना बंद होऊ शकते.

दुसरा विचार ऋतूचा. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात असतात, पण शेवाळलेला बेसाल्ट तेव्हाच सर्वांत निसरडा असतो. या काळात धबधब्यांच्या जागी जाण्यास मनाई केली जाते आणि उद्यानातील पाण्यात उतरण्याची परवानगी नसते. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो, तरी ओहोळ वाहते असतात. चालण्यासाठी हा काळ उत्तम. आठ वर्षांतून एकदा या सुमाराला कारवी फुलते आणि उतार जांभळे होतात. २०१६ नंतर हा बहर २०२४ मध्ये आला. डिसेंबरनंतर बहुतेक ओहोळ आटतात, तेव्हा पक्षी पाहण्यासाठी वाट आखावी.

तिसरा विचार प्रवेशाचा. भिवंडीकरांना दोन दिशा सोयीच्या आहेत. येऊर जवळ पडते, पण तिथल्या जंगलात शिरण्यासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते. बोरिवलीचे मुख्य प्रवेशद्वार गाठायचे, तर ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जावे लागते किंवा भिवंडी रोड स्थानकातून वसई रोडला जाऊन पश्चिम रेल्वेची लोकल धरावी लागते. भिवंडी रोडवरून गाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. उद्यान सोमवारी बंद असते. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांवर परवानगी आणि वाटाड्या दोन्ही लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी कान्हेरी लेण्यांची वाट योग्य. मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटरवर आहेत आणि रस्ता पक्का आहे. चालण्याच्या वेळेचा हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितला. पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास मिळवावा. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ धरला, तर निव्वळ चालणे तीन तासांच्या आसपास होते. पावसात त्यात निम्मी भर घालावी. लेणी पाहायला दोन तास, शिदोरी आणि विसाव्याला एक तास. म्हणजे सकाळी आठला निघालेला गट दुपारी चारच्या आत प्रवेशद्वाराशी परततो आणि अंधारापूर्वी पुरेसा वेळ हाताशी राहतो. हे बिबट्याचे जंगल आहे. संध्याकाळ त्याची असते. लहान मुलांना घोळक्याच्या मध्ये ठेवावे आणि कुणी एकट्याने मागे रेंगाळू नये.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांचे खोदकाम इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे चालू होते. लेण्यांच्या शेजारी पाण्याच्या पोढी कोरलेल्या आहेत आणि खडकावर पडलेले पावसाचे पाणी त्यांत उतरावे म्हणून पन्हळी काढल्या आहेत. पायऱ्याही त्याच कातळात आहेत. इथे राहणाऱ्या भिक्षूंनी पाण्याची दिशा ओळखून वस्ती केली होती. चार महिन्यांचे पाणी त्यांना वर्षभर पुरवायचे होते.

घोडबंदरच्या खाडीच्या उत्तरेला, वसई आणि भिवंडी तालुक्यांच्या हद्दीवर तुंगारेश्वर अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यान आणि पुढचे तानसा अभयारण्य यांना जोडणारा जंगलाचा हा दुवा आहे. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आणि त्याच्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातूनच जातात. भिवंडीकरांना तुंगारेश्वर अधिक सोयीचे वाटेल, पण तिथेही मंदिराच्या वाटेवर ओहोळ आडवे येतात, म्हणून हिशेब तोच ठेवावा.

निघण्याच्या दिवशी हवामान खात्याचा इशारा पाहावा, वाट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. आडव्या आलेल्या ओहोळाचे पाणी गढूळ झाले किंवा गुडघ्याला लागू लागले, तर तिथूनच मागे फिरावे. धबधबा पुढच्या आठवड्यातही वाहत असतो.