एका फावल्या वेळच्या वाचकाची मते

ग्रंथांविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद जुना आहे. टीकाकार म्हणतात, तो अभ्यासकाचा. प्रकाशक म्हणतात, पैसे मोजून पुस्तक घेणाऱ्याचा. क्लेटनमध्ये स्टेशनपासून फार दूर नसलेल्या एका घरी राहणाऱ्या वृद्ध गृहस्थांना हा वाद ठाऊक नाही आणि ठाऊक असता तरी त्याची त्यांनी पर्वा केली नसती. मॉरिशसमध्ये जन्म, तारुण्यात ऑस्ट्रेलियात आगमन, मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षे नोकरी आणि आता निवृत्ती, असा त्यांचा साधा जीवनक्रम. गॅरेजमध्ये मोटारीला जागा कमी पडावी एवढी पुस्तके त्यांनी जमवली आहेत. त्यांपैकी पुष्कळशी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून आली, काही मॉरिशसच्या घरातून. घरातील नातवंडे त्यांना कोकणी रिवाजाप्रमाणे 'आजा' म्हणतात. या लेखातही त्यांना तेच नाव असू द्यावे.

आजांची मते समजून घेण्यापूर्वी ते वाचायला कसे शिकले हे सांगितले पाहिजे. दिवसा शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, घरात व गल्लीत क्रियोल, आणि संध्याकाळी बैठकेत कंदिलाच्या उजेडात मराठी बाराखडी, अशी त्यांच्या पिढीची विद्या. मराठी त्यांना आईच्या ओव्यांतून आणि गणपतीच्या आरत्यांतून कानाने परिचित होती. डोळ्यांनी ती उशिरा भेटली. त्यामुळे ते आजही ओळीखाली बोट धरून, ओठ किंचित हलवीत वाचतात. पुण्यातला वाचक जे पुस्तक दोन रात्रींत संपवील त्याला त्यांना दोन महिने लागतात. ज्याला एका पुस्तकासाठी आयुष्याचे दोन महिने द्यावे लागतात त्याचे त्या पुस्तकाविषयीचे मत सौम्य असण्याचे कारण नाही, आणि ते सौम्य नाहीच.

प्रारंभ त्यांनी बाबूराव अर्नाळकरांपासून केला, हे सांगताना त्यांना मुळीच संकोच वाटत नाही. झुंझार आणि काळापहाड यांच्या त्या रहस्यकथा हजारांवर निघाल्या. विद्वानांनी त्यांना साहित्यात पंगतीला बसू दिले नाही. आजांचा हिशेब निराळा. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलाला पुढचे पान उलटायला लावील असे दुसरे काय होते? 'पुढे काय झाले' ही उत्सुकता हाच त्यांचा पहिला मराठी शिक्षक. खून कोणी केला हे कळण्यासाठी त्यांनी जेवढे शब्द शिकून घेतले तेवढे बैठकेतल्या गुरुजींनी छडीच्या धाकानेही शिकविले नसतील. (शिक्षकांनी हे मनाला लावून घेऊ नये.)

वि. स. खांडेकरांची 'ययाति' मात्र त्यांनी दोनदा हाती घेतली आणि दोनदा ठेवून दिली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीने पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला, मराठीला मिळालेला तो पहिलाच. याचा आजांना अभिमान आहे. परंतु अभिमान वाटणे आणि पुस्तक आवडणे या दोन गोष्टी ते वेगळ्या ठेवतात. त्यांच्या मते ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही एकाच आवाजात बोलतात, आणि तो आवाज तिघांपैकी कोणाचाच नसून खांडेकरांचा आहे. शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' त्यांना अधिक भावला. कर्ण पुष्कळ बोलतो ही तक्रार तिथेही आहेच. पण राजाच्या सभेत ज्याला कूळ विचारले जाते आणि ज्याला उत्तर देता येत नाही, अशा माणसाची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत वाचली. ते कारण त्यांनी स्वतः होऊन कधी सांगितले नाही. ते पुढे आपोआप स्पष्ट होईल.

पु. ल. देशपांडे यांच्याविषयी घरात मतभेद आहेत. 'बटाट्याची चाळ' वाचून मुंबईचे पाहुणे हसून लोळतात तेव्हा आजा शांत बसून असतात. चाळ त्यांनी पाहिलेली नाही, गिरगाव पाहिलेले नाही; विनोद समजावून सांगितला की तो विनोद राहात नाही. पण 'व्यक्ति आणि वल्ली'तला रत्नागिरीचा अंतू बर्वा त्यांना पहिल्या पानातच भेटला. दारिद्र्य झाकण्यासाठी जिभेला धार लावणारी ती म्हातारी माणसे त्यांनी उसाच्या मळ्याच्या कडेला, पत्र्याच्या घरांत पाहिली होती. समुद्र ओलांडून शंभर वर्षे झाली, भाषा अर्धी विरली, तरी तो तिरकस स्वभाव काही विरला नव्हता. पुस्तकातील एका माणसासाठी सबंध पुस्तक जपून ठेवावे, असे त्यांचे मत आहे.

त्यांच्या पत्नीचे वाचन याहून थोडे पण अधिक पक्के. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' अनेकदा वाचली आहेत आणि इतर कशाची त्यांना फारशी गरज वाटत नाही. लहरी नवऱ्याबरोबर संसार करूनही स्वतःवर हसण्याची शक्ती जिने गमावली नाही, त्या बाईपुढे बाकीचे लेखक त्यांना पोरकट वाटतात. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' वरून मात्र पतिपत्नींत एकदा चांगलाच खटका उडाला. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' पत्र काढले आणि त्यातून यमूची ही करुण कथा क्रमशः दिली. आजा म्हणाले, यमूचे दुःख खरे. पण ज्या काळी पुण्यात ही कथा लोक रडत वाचीत होते त्या काळी आपल्या बायका उसाला कोयता घालीत होत्या, त्यांच्यासाठी कोण रडले? पत्नीचे उत्तर मार्मिक होते: "त्या उसात होत्या हे हरिभाऊंना कोणी सांगितलं होतं? यमूचं दुःख त्यांना शेजारी दिसत होतं, ते त्यांनी लिहिलं. आपलं दुःख आपल्या शेजाऱ्यानं लिहायला हवं होतं." यावर आजांना त्या दिवशी उत्तर सुचले नाही.

येथून त्यांच्या वाचनाला निराळे वळण लागले असे म्हणावयास हरकत नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून, काही मद्रासेहून आणि काही मुंबईहून. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत आला, तेव्हा आजांच्या पुतण्याने त्या उत्साहात नोंदवह्यांतून घराण्याचा मूळ पुरुष शोधून काढला. नाव, बापाचे नाव, वय, क्रमांक आणि जिल्ह्याच्या रकान्यात 'रत्नागिरी' एवढाच मजकूर. गाव वाचता आले नाही. का निघाला, हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

त्या न लिहिलेल्या रकान्याचा शोध आजा कोकणच्या पुस्तकांत घेऊ लागले. 'श्यामची आई' त्यांनी पूर्वी वाचली होती. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, या गोष्टीचे त्यांना नेहमी कौतुक वाटे. तरी रडू फार, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या वाचनात त्यांनी रडू बाजूला ठेवून कर्ज वाचले. पालगडच्या त्या घराला सावकाराचा विळखा कसा पडतो, वसुलीचा माणूस ओटीवर येऊन घरच्या बाईला काय ऐकवतो, अब्रू कशी हप्त्याहप्त्याने जाते, हे सारे त्यांना प्रथमच दिसले. आणि हे घराणे खोताचे! खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करणारा गावचा धनी. भाताच्या पिकात कुळाकडून अर्धा वाटा घ्यावयाचा, वरकस पिकात तिसरा, ही त्याची सर्वसाधारण रीत. आजांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: खोताची ही गत, तर कुळाची काय?

त्यानंतर त्यांनी श्री. ना. पेंडशांचे 'तुंबाडचे खोत' मागविले. १९८७ साली निघालेली ही दोन खंडांची कादंबरी, जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांची कथा. आजांना ती वाचायला जवळजवळ एक वर्ष लागले आणि त्यांच्या मते ती त्यांनी वाचलेली सर्वोत्तम मराठी कादंबरी आहे. नदी, पाऊस, घराण्याचा माज आणि ऱ्हास, सारे असे की वाचताना क्लेटनच्या थंडीत हातांना चिखल लागल्यासारखे वाटावे. हे सांगून झाल्यावर ते आपली तक्रार सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. खोतांना दोन खंड मिळाले. खोतांच्या शेतात राबणारी, रात्री गाव सोडून मुंबईच्या धक्क्याकडे चालत गेलेली माणसे त्या दोन खंडांत दाराबाहेरच उभी आहेत. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात १९३७ साली विधेयक आणले, आणि खोती कायद्याने गेली १९४९ साली. आजांचा मूळ पुरुष त्याच्या पाऊणशे वर्षांहून अधिक आधी निघून गेला होता. तो थांबला असता तर काय झाले असते, हा प्रश्न ते लेखकाला विचारतात; लेखक आता हयात नाही.

कादंबरीकाराने सर्वांवर लिहिले पाहिजे ही अपेक्षा न्याय्य आहे काय? नाही. पेंडसे मुर्डीचे, त्यांनी आपल्या डोळ्यांपुढचे कोकण लिहिले. परागंदा झालेल्या माणसाच्या मागे राहिलेली बाई त्यांनी 'रथचक्र'मध्ये समर्थपणे उभी केली आहे. गेलेला माणूस गावाला दिसत नाही आणि गावाचा लेखकही त्याला पाहू शकत नाही. म्हणून तर आजांनी शेवटी हिंदीचा आधार घेतला. मॉरिशसच्याच अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' ही १९७७ ची कादंबरी त्यांनी वाचली. गिरमिटिया मजुराच्या घामाची आणि रक्ताची कथा तिथे प्रथम नायकपदी बसलेली त्यांना आढळली. परंतु त्या मजुरांची बोली भोजपुरी, त्यांचे गाव बिहारकडचे. कलकत्त्याच्या जहाजाला आपला लेखक लाभला. मुंबईच्या जहाजाची मराठी कादंबरी आजांच्या हाती तरी अद्याप पडलेली नाही.

त्यांची नात मोनाश विद्यापीठात शिकते. १९६१ साली सुरू झालेले हे विद्यापीठ क्लेटनचेच, त्यामुळे तिचे येणेजाणे आजांच्या घरावरून असते. तिला मराठी समजते, बोलता मोडके येते, वाचता येत नाही. गेल्या हिवाळ्यात प्रत्येक शनिवारी तिला एक पुस्तक वाचून दाखविण्याचे आजांनी ठरविले. कोणते, यावर घरात चर्चा झाली. आजीने 'स्मृतिचित्रे' सुचविली, मुलाने 'स्वामी'. आजांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' निवडली. तिच्यात कोकण नाही, माणदेश आहे. खोत नाहीत, धनगर आहेत. औंध संस्थानातल्या एका उजाड खेड्यात आलेला कोवळा शाळामास्तर, हळूहळू त्याच्यावर विश्वास टाकणारा गाव, सर्वांनी मिळून उभारलेली तालीम, आणि मग दुष्काळ. पुस्तक १९५५ चे आणि लहान. आजांच्या बोटाला ते झेपण्यासारखे.

सात शनिवार लागले. शेवटच्या प्रकरणात मेंढरे मरतात आणि माणसे बिऱ्हाडे उचलून एकामागून एक गाव सोडतात, तेथे आजा थांबले. ओळ सापडत नाही असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"आजा, ही माणसं गेली कुठे?" नातीने विचारले.

"पुस्तकात तेवढं नाही."

"मग कोण सांगणार?"

आजांनी पुस्तक तिच्या हातात दिले आणि तिचे बोट पहिल्या ओळीखाली ठेवले. पहिला शब्द लावायला तिला बराच वेळ लागला. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, चहा निवतो आहे. दोघांपैकी कोणी उठले नाही.