वृद्धापकाळातील यकृताचा कर्करोग

१९८२च्या संपाच्या वेळी ऐन उमेदीत असलेले नायगाव-परळ भागातील गिरणी कामगार आज सत्तरी ओलांडत आहेत. यकृताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या अशा वृद्ध रुग्णांचे नातेवाईक आम्हांस हमखास विचारतात, ‘आता या वयात उपचार कशाला?’ प्रश्न मायेपोटीच येतो. तथापि त्याचे उत्तर जन्मतारखेत सापडत नाही.

हा रोग निरोगी यकृतात क्वचितच उद्भवतो. ‘ब’ वा ‘क’ प्रकारची विषाणूजन्य कावीळ, मद्यपान, अथवा मधुमेह व स्थूलतेमुळे साठलेली चरबी यांमुळे यकृत वर्षानुवर्षे निबर होत जाते आणि पुढे त्यात गाठ धरते. भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे वृद्धांत ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिली जातात. म्हणूनच यकृत निबर झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेणे अगत्याचे असते.

निदानानंतर तज्ज्ञ दोन गोष्टी पाहतात : गाठ केवढी आहे आणि उरलेले यकृत किती समर्थ आहे. आम्हां हिशेबनिसांच्या भाषेत, शस्त्रक्रिया हा खर्च आणि उरलेले यकृत ही गंगाजळी. पोटात पाणी झाले आहे का, रक्तातील बिलिरुबिन व अल्ब्युमिन किती, रक्त गोठण्यास किती वेळ लागतो, रुग्ण स्वतःची कामे स्वतः करतो का, यांवरून ती अजमावली जाते. गंगाजळी भक्कम असल्यास पंचाहत्तरीतही शस्त्रक्रिया शक्य होते किंवा लहान गाठ सुईद्वारे उष्णता देऊन नष्ट करता येते. ती आटली असल्यास पन्नाशीतल्या रुग्णासही शस्त्रक्रिया झेपत नाही. अशा वेळी वेदना व पोटातील पाणी यांवर इलाज करून रुग्णास आराम देणे, हाही उपचारच होय.

‘बाबांना काही सांगू नका’ ही विनंतीही नेहमीची. पण किती सोसायचे हे ज्याला ठरवायचे, त्यालाच अंधारात ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठीच्या निधीत देयकांच्या २ टक्के रक्कम जमा होते. देणगीदारांचे साहाय्यही त्यात घेता येते. रुग्णास दाखल करतानाच शिधापत्रिका अथवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला समाजसेवा विभागात दाखवावा. देयक तयार झाल्यावर धावपळ करणारी कुटुंबे आम्ही फार पाहतो.