नाशिक : एकगठ्ठा कौल देणारे शहर

प्रतिनिधी, नाशिक

नाशिक पूर्व, नाशिक मध्य आणि नाशिक पश्चिम हे तीन मतदारसंघ अस्तित्वात आल्यापासून विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. चारही वेळा शहराने या तिन्ही जागा एकाच पक्षाच्या पदरात टाकल्या. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला आणि त्यानंतर २०१४, २०१९ व २०२४ अशा सलग तीन वेळा भारतीय जनता पक्षाला हा मान मिळाला. उमेदवार बदलले, युत्या जुळल्या आणि तुटल्या. परंतु शहराचा कौल एकदाही विभागला गेला नाही. हे असे का घडते आणि त्यातून नागरिकांच्या हाती काय लागते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एकाचे तीन झाले

मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी शहराचा मोठा भाग ‘नाशिक’ या एकाच मतदारसंघात होता. २००४ मध्ये तेथून काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव निवडून आल्या. वाढत्या लोकसंख्येमुळे पुनर्रचनेत शहराच्या वाट्याला तीन मतदारसंघ आले. पंचवटी व नाशिकरोडचा काही भाग पूर्वमध्ये, जुने नाशिक मध्यमध्ये आणि सिडको-सातपूरची कामगार वस्ती पश्चिममध्ये गेली. लगतचा देवळाली हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ कायम राहिला.

कागदावर तीन मतदारसंघ झाले, तरी शहर एकच राहिले. सिडकोत राहणारा कामगार अंबडच्या कारखान्यात जातो, खरेदीला मेनरोडवर येतो आणि त्याचे नातेवाईक पंचवटीत असतात. प्रचारसभा एकाच मैदानावर होतात आणि त्यांची चर्चा तिन्ही मतदारसंघांत चालते. त्यामुळे वारा फिरला की तो तिन्हीकडे एकाच वेळी फिरतो.

मनसेची भरती आणि ओहोटी

२००९ ची निवडणूक हे याचे पहिले उदाहरण. फेब्रुवारी २००८ मधील परप्रांतीयविरोधी आंदोलनाचे तीव्र पडसाद येथील औद्योगिक वसाहतींत उमटले होते आणि अनेक कामगार शहर सोडून गेले होते. त्या वातावरणात राज ठाकरे यांच्या नव्या पक्षाकडे तरुण मतदार आकृष्ट झाला. २२ ऑक्टोबर २००९ रोजी मतमोजणी झाली तेव्हा पूर्वमधून उत्तमराव ढिकले, मध्यमधून वसंत गिते आणि पश्चिममधून नितीन भोसले विजयी झाले. मनसेला राज्यभरात १३ जागा मिळाल्या, त्यातील तीन एकट्या नाशिकने दिल्या. २०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ पैकी ४० जागा जिंकून मनसेने भाजपच्या पाठिंब्यावर महापौरपदही मिळवले.

पुढे दोनच वर्षांत चित्र पालटले. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या आणि प्रमुख पक्ष स्वबळावर रिंगणात उतरले. अशा बहुरंगी लढतीत निम्म्या मतांची गरज उरत नाही. इतरांपेक्षा एक मत अधिक मिळाले तरी पुरते. मोदी लाटेवर स्वार झालेल्या भाजपचे बाळासाहेब सानप, देवयानी फरांदे आणि सीमा हिरे निवडून आले. मनसेच्या तिन्ही जागा गेल्या. २०१७ मध्ये महापालिकेतही भाजपने ६६ जागांसह बहुमत मिळवले आणि मनसे पाच जागांवर आली.

चेहरे तेच, झेंडे वेगळे

शहराची निष्ठा पक्षावर की उमेदवारावर, या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या पूर्व मतदारसंघाने दिले. भाजपने विद्यमान आमदार सानप यांना उमेदवारी नाकारली, तेव्हा ते राष्ट्रवादीच्या चिन्हावर उभे राहिले. मनसेतून आलेले उत्तमराव ढिकले यांचे पुत्र राहुल ढिकले भाजपचे उमेदवार झाले आणि जिंकले. स्वतः उत्तमराव मनसेत येण्यापूर्वी शिवसेनेचे खासदार होते. मध्यमध्ये मनसेकडून निवडून आलेले गिते २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून लढले आणि फरांदे यांच्याकडून पराभूत झाले. त्याच निवडणुकीत पश्चिममध्ये हिरे यांच्याविरुद्ध हरलेले सुधाकर बडगुजर जून २०२५ मध्ये भाजपमध्ये दाखल झाले. वारा ओळखून पक्ष बदलणारे नेते आणि पक्ष पाहून मत देणारा मतदार, असा हा मेळ आहे.

शेजारच्या देवळालीने मात्र वेगळी वाट धरली. तेथे १९९० पासून बबनराव घोलप आणि २०१४ मध्ये त्यांचे पुत्र योगेश यांच्या रूपाने शिवसेनेचा झेंडा फडकत राहिला. २००९ ची मनसेची लाट किंवा २०१४ ची भाजपची लाट तेथे पोहोचली नाही. २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या सरोज अहिरे यांनी ही परंपरा मोडली.

सहा महिन्यांत उलटा कौल

एकगठ्ठा कौल म्हणजे आंधळा कौल, असे समजण्याचे कारण नाही. जून २०२४ च्या लोकसभा निकालात जिल्ह्याशी संबंधित तिन्ही जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. नाशिकमधून राजाभाऊ वाजे, दिंडोरीतून भास्कर भगरे आणि मालेगाव-बागलाणचा समावेश असलेल्या धुळ्यातून त्याच डॉ. बच्छाव विजयी झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये लादलेल्या निर्यातबंदीमुळे कांद्याने ग्रामीण भागात महायुतीच्या डोळ्यांत पाणी आणले होते.

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचा निकाल लागला तेव्हा जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा महायुतीकडे गेल्या. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला सात, भाजपला पाच आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला दोन. वाजे ज्या लोकसभा मतदारसंघातून खासदार झाले, त्यातील सहाही विधानसभा जागा विरोधी बाजूला गेल्या. तोपर्यंत निर्यातबंदी उठली होती, शुल्क कमी झाले होते आणि ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. अपवाद फक्त मालेगाव मध्यचा. तेथे एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल अवघ्या १६२ मतांनी जिंकले.

कौलाची किंमत

असा भरभरून कौल दिल्यावर सत्तेत भरभरून वाटा मिळतो, ही समजूत मात्र नाशिकला तपासून पाहावी लागली. १५ डिसेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाचा विस्तार झाला तेव्हा जिल्ह्यातून दादा भुसे, माणिकराव कोकाटे आणि नरहरी झिरवाळ यांना संधी मिळाली. तिघेही भाजपच्या मित्रपक्षांचे आणि शहराबाहेरचे. सलग तिसऱ्यांदा भाजपच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शहरातील एकाही आमदाराला मंत्रिपद मिळाले नाही. १८ जानेवारी २०२५ रोजी नाशिकचे पालकमंत्री म्हणून गिरीश महाजन यांचे नाव जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नियुक्तीला स्थगिती मिळाली. सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी तोंडावर असताना हे घडले.

त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली होती आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवकच नसल्याने पाणी, रस्ते, कचरा या तक्रारींसाठी नागरिकांना आमदारांचेच दार उरले. या काळात बहुतांश वेळ पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही मतदारसंघांत विधानसभेत सरकारला जाब विचारणारा विरोधी आमदार एकही नव्हता.

हक्काची मानली जाणारी जागा राखण्यासाठी कोणताही पक्ष फारसे काही देऊ करत नाही. मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांचा हिशेब प्रत्येक उमेदवाराला पाच वर्षे आठवत राहील. नाशिककरांनी मात्र २००९ मधील आपले लाडके आमदार २०१४ मध्ये घरी बसवले होते, हे आजच्या विजेत्यांनाही विसरता येणार नाही.