एका मॉडेममागे दहा माणसं

डायल-अपच्या आठवणी निघाल्या की बोलणं घरातल्या मॉडेमपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तो किंचाळणारा डबा, कुणी पॅरलल फोन उचलला की तुटणारी लाइन, रात्री अकरानंतरचं जागरण. कॉलच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे एक खोली होती, खोलीत १९ इंच रुंदीचा लोखंडी रॅक होता आणि रॅकमध्ये मोजकेच मॉडेम. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००५पर्यंत नागपुरात इंटरनेट कसं चालायचं, हे घरातल्या डब्यावर कमी आणि या रॅकवर जास्त ठरत होतं. वेग किती, यापेक्षा जागा आहे का, हा प्रश्न मोठा होता. ‘साहेब, सकाळपासून एंगेजच येऊन राह्यला’ हे ज्यांनी फोनवर ऐकून घेतलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांत. वेग ९.६ केबीपीएस, व्यक्तिगत खात्याला २५० तासांचे ५,००० रुपये. त्याआधी ‘अर्नेट’ होतं, पण ते विद्यापीठं आणि संशोधन संस्थांपुरतं. नागपूरकराला मुंबईला एसटीडी लावून इंटरनेट बघणं परवडणारं नव्हतं. इथलं खरं इंटरनेट सुरू झालं ते दूरसंचार खात्याने गावोगावी आपले नोड उभे केल्यावर. त्या काळातले इथले ईमेल पत्ते ‘नागपूर डॉट डीओटी डॉट नेट डॉट इन’ असे असत. खात्याच्या नावाचं लघुरूपच ‘डॉट’, त्यामुळे फोनवर पत्ता सांगताना ‘नागपूर डॉट डॉट डॉट नेट डॉट इन’ असं म्हणावं लागे आणि पलीकडचा माणूस हमखास एक डॉट गाळायचा. पुढे संचारनेट आलं आणि नावापुढे ‘एनजीपी’ लागू लागलं. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांनाही परवाने मिळाले. देशभर, एका सर्कलपुरता किंवा एका टेलिकॉम जिल्ह्यापुरता असे परवान्यांचे तीन वर्ग होते, त्यामुळे लहान शहरातला व्यापारीसुद्धा ‘आपण आयएसपी काढू’ असा हिशेब मांडू लागला. त्या हिशेबात मॉडेमची किंमत असायची. टेलिफोन लाइनची आणि ग्राहकाच्या वाट पाहण्याची बहुतेक नसायची.

पहिल्या पिढीचा रॅक म्हणजे शेल्फवर ओळीने मांडलेले साधे बाहेरचे मॉडेम. प्रत्येकाला तीन वायरी: एक टेलिफोनची, एक विजेच्या अडॅप्टरची आणि एक २५ पिनांची जाड केबल, टर्मिनल सर्व्हरकडे जाणारी. लिव्हिंगस्टन कंपनीचा पोर्टमास्टर-२ हा त्या काळचा लाडका सर्व्हर. त्याच्या मोठ्या मॉडेलला ३० पोर्ट. म्हणजे ३० मॉडेम, ३० अडॅप्टर, ३० जाड केबली. अडॅप्टर एवढे रुंद की पॉवर स्ट्रिपवर एक लावला की शेजारचं सॉकेट झाकलं जायचं. ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी यूएस रोबोटिक्सची टोटल कंट्रोल चॅसिस घेतली: एका कार्डावर चार मॉडेम, सगळ्यांना एकच वीजपुरवठा, मागे नेटकं वायरिंग. बाकीच्यांनी शेल्फ वाढवत नेले.

वायरिंगचं खरं काम मॉडेमपाशी नव्हतं, एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या तारा येऊन पोचतात त्या फ्रेमवर होतं. एक्स्चेंजकडून आलेल्या केबलच्या जोड्या क्रोनच्या पट्ट्यांवर ठोकायच्या, तिथून जंपर टाकून एकेक जोडी आपापल्या मॉडेमला द्यायची आणि कुठली जोडी कुठल्या नंबरची हे लिहून ठेवायचं. हे लिहून ठेवणं ज्याने टाळलं, तो पहिल्या बिघाडाला रात्रभर बझर लावत बसला. सगळ्या लाइनींना मिळून ग्राहकाला एकच नंबर द्यायचा, त्याला हंटिंग म्हणत: पहिली लाइन बिझी असेल तर कॉल दुसरीवर, मग तिसरीवर. या व्यवस्थेत एक खोडी होती. पहिल्याच लाइनीचा मॉडेम मेला आणि फोन उचलेनासा झाला तर एक्स्चेंजच्या दृष्टीने ती लाइन रिकामीच. मग येणारा प्रत्येक कॉल त्याच लाइनीवर जाऊन घंटी वाजवत राहणार आणि पुढचे एकोणतीस धडधाकट मॉडेम रिकामे बसणार. म्हणून जाणते लोक मॉडेम बदलायच्या आधी एमडीएफवर ती जोडी शॉर्ट करून लाइन ‘बिझी करून’ ठेवत. एवढी साधी गोष्ट, पण नोड चालू की बंद हे तिच्यावर ठरे.

मॉडेमची भाषा ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञांची. हेझ कंपनीने १९८१च्या स्मार्टमॉडेमबरोबर ती आणली आणि सगळ्या जगाने उचलली. घरच्या मॉडेमने नंबर फिरवायचा, रॅकमधल्याने उचलायचा, म्हणून सेटिंग उलटी. एस-शून्य रजिस्टरमध्ये १ घातला की पहिल्या घंटीला उत्तर. कॅरिअर आहे की नाही ते सर्व्हरला खरंखरं कळवायचं. सर्व्हरने डीटीआरचा सिग्नल खाली सोडला की फोन ठेवायचा. कॅरिअरचं ते कळवणं चुकलं, किंवा केबलमधली ती एक तार जोडायची राहिली, तर पहिला ग्राहक गेल्यावर त्याचं लॉगिन तसंच उघडं राहायचं आणि पुढचा कॉल थेट त्याच्या खात्यात जाऊन पडायचा. आज याला सुरक्षाभंग म्हणून बातमी होईल; तेव्हा तो केबलचा दोष होता. एको आणि रिझल्ट कोड बंद करणंही तितकंच गरजेचं. नाहीतर सर्व्हर ‘लॉगिन’ विचारायचा, मॉडेम तेच शब्द परत पाठवायचा, सर्व्हर त्याला कुणाचं तरी नाव समजून पासवर्ड मागायचा, आणि कुणी फोन केलेला नसताना दोघांचं संभाषण रात्रभर चालायचं.

घरच्या बाजूची एक खास भारतीय अडचण सांगायला हवी. अमेरिकी मॉडेमला अमेरिकी डायल टोन माहीत: ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र. आपला टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने हलणारा. काही मॉडेमना तो टोनच वाटत नसे आणि फोन चांगला चालू असताना ते ‘डायल टोन नाही’ म्हणून हटून बसत. उपाय एका ओळीचा होता, एटीएक्स३: टोनची वाट न पाहता नंबर फिरव. आमच्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांनी ही आज्ञा किती घरांत टाकली असेल आणि तिच्या बळावर किती व्हिजिट चार्ज घेतले असतील, त्याची गणती नाही.

नागपूरचा रॅक आणि पुण्याचा रॅक यांत फरक पडतो तो हवेमुळे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ला पोचला होता. नवतपात लोक दुपारी घराबाहेर पडत नाहीत, पण मॉडेमला ती सवलत नाही. एकावर एक रचलेले मॉडेम खालच्याची उष्णता वरच्याला देतात. वरच्या शेल्फवरचे आधी हँग होतात. जागामालकाचा ठरलेला सल्ला असायचा: कूलर लावून द्या ना. नागपुरात कूलर हे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आहे, या प्रश्नाचं मात्र नाही. कूलर ओली हवा आत ढकलतो आणि उघड्या खिडकीतून धूळही. दोन्ही मिळून कनेक्टरवर बसतात. एसी हवाच, आणि वीज गेली तर तो यूपीएसवर चालत नाही, म्हणून जनरेटरही हवा. राज्यात भारनियमन भरात होतं त्या वर्षांत मॉडेमपेक्षा डिझेलचा हिशेब मोठा व्हायचा. सरकारी एक्स्चेंजमध्ये उणे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची जंगी खोली असते, तिथे हा त्रास कमी.

मग अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात एप्रिलपासून पाणी ओतत राहावं लागतं. ते विसरलं की जूनच्या पहिल्या वळवाच्या कडकडाटात ओव्हरहेड लाइनीवरून आलेला झटका शेल्फभर मॉडेम नेतो. एमडीएफवर सर्ज अरेस्टर बसवलेले असले तरी त्यांनी झटका जमिनीत सोडायचा असतो आणि जमीन कोरडी असेल तर तो जाणार कुठे?

१९९८मध्ये व्ही.९० हे ५६ केचं मानक आलं आणि शेल्फवरचे सगळे मॉडेम एका रात्रीत जुने झाले. आधीच्या व्ही.३४ मॉडेमची मजल ३३.६ केपर्यंत, कारण दोन्ही टोकांना ॲनालॉग तार. व्ही.९०ची युक्ती अशी: एक्स्चेंजच्या आत आवाज डिजिटलच असतो, सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येक ८ बिटांचा. आयएसपीचं टोक थेट डिजिटल असेल तर ग्राहकाकडे जाणाऱ्या नमुन्यातले ७ बिट वापरता येतात. ८,००० गुणिले ७ म्हणजे ५६,०००. उलट दिशेला, ग्राहकाकडून येताना, पुन्हा ३३.६च. म्हणून साधी टेलिफोन लाइन आणि बाहेरचा मॉडेम आयएसपीच्या बाजूला निरुपयोगी ठरले. त्यांच्या जागी ईवन आला: दोन जोड्यांवर २.०४८ एमबीपीएस, ३२ खाने, एक तालासाठी, एक सिग्नलिंगसाठी, उरलेले ३० कॉलसाठी. सिस्को एएस-५३००, असेंडचा मॅक्स, पोर्टमास्टर-३ असे डबे आले. दोन-तीन युनिट उंचीच्या खोक्यात ६० किंवा १२० मॉडेम, आणि मागे वायरींचं जंगल नाही.

इथे या कामातला माणूस बदलला. क्रोनचं पंचिंग टूल हातात घेऊन फिरणाऱ्या पोराची जागा कन्सोलवर बसणाऱ्याने घेतली. अडचणीही अदृश्य झाल्या. एक्स्चेंजकडून येणारा ईवन बऱ्याचदा ७५ ओहमच्या कोॲक्सवर, डब्याचं तोंड १२० ओहमचं. मध्ये दोन्ही जुळवणारा बालन लागतो. घड्याळ एक्स्चेंजकडून घ्यायचं असतं. डब्याने स्वतःचं चालवलं तर दर थोड्या वेळाने एखादा नमुना घसरतो. माणसाच्या बोलण्यात ती बारीकशी टिक, कुणाच्या लक्षातही येत नाही. मॉडेमचा मात्र ताल तुटतो आणि कॉल पडतो. डबा अमेरिकी सेटिंगवर, म्यू-लॉवर राहिला तर आपल्या ए-लॉ लाइनीवर ५६ केचं स्वप्न सोडाच, कॉल नीट जुळतसुद्धा नाही. ग्राहक आणि आयएसपी घरच्या लाइनीला दोष देत बसत आणि दोष एका ओळीच्या कॉन्फिगरेशनमध्ये असे. खरं सांगायचं तर या काळातले सगळ्यात तरबेज लोक आयएसपीत नव्हते, एक्स्चेंजमधले जेटीओ, म्हणजे कनिष्ठ दूरसंचार अधिकारी होते. ईवनच्या दोन्ही टोकांना काय चाललंय हे त्यांनाच दिसत होतं.

कॉल उचलला, मॉडेम जुळले, पुढे ग्राहक कोण हे विचारण्याचं काम रेडिअस या प्रोटोकॉलचं. तोही लिव्हिंगस्टनचाच शोध, १९९७मध्ये मानक म्हणून नोंदला गेला. नाव-पासवर्ड तपासणं सोपं. अवघड होता तासांचा हिशेब. कॉल सुरू झाल्याची एक नोंद, संपल्याची दुसरी. दुसरी नोंद वाटेत हरवली की ग्राहक कागदोपत्री अजून ऑनलाइनच. एका वेळी एकच लॉगिन असा नियम असेल तर त्याला परत आत येता यायचं नाही, आणि विकत घेतलेले तास मात्र सरत राहायचे.

आता मूळ प्रश्न: मॉडेम किती हवेत? धंद्यात चालणारा ठोकताळा होता, एका मॉडेममागे दहा ग्राहक. ३० मॉडेम, ३०० ग्राहक. संध्याकाळी त्यातला दहावा हिस्सा ऑनलाइन यायला बघतो असं धरलं तर ३० जागांवर सरासरी ३० माणसांचा भार. कागदावर बरोबर बसतं. पण कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांगने १९१७मध्येच सूत्र मांडून ठेवलं होतं आणि त्यात हा आकडा घातला तर उत्तर येतं सुमारे १३ टक्के: दर सात-आठ कॉलमधला एक एंगेज. एंगेज मिळालेला माणूस स्वस्थ बसत नाही, रीडायल लावून ठेवतो, म्हणजे प्रत्यक्षात आणखी वाईट. शंभरात फक्त दोघांना एंगेज मिळावा असं वाटत असेल तर ३० जागांवर २१.९ एवढाच भार घ्यायला हवा.

या सूत्रातली खरी खोच लहान गावांसाठी आहे. १० मॉडेमवर, त्याच दोन टक्क्यांच्या अटीवर, फक्त ५.१ माणसांचा भार पेलतो. म्हणजे अर्धे मॉडेम सरासरी रिकामे ठेवायचे. हेच ६० मॉडेम एकत्र असतील तर ४९.६. नागपुरात एकाच रॅकमध्ये ३० ठेवण्याऐवजी तेच वर्धा, भंडारा, गडचिरोलीत दहा-दहा असे वाटले, तर एकूण क्षमता जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. मॉडेम तेवढेच, खर्च तेवढाच, उलट तीन जागी एसी आणि तीन जागी अर्थिंग. लहान गावाला इंटरनेट महाग आणि वाईट मिळालं, याला लोक सरकारी अनास्था म्हणतात. अनास्था असेलही, पण गणितसुद्धा त्या गावांच्या विरोधात होतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा साखर कारखान्याच्या प्रकल्पात १९९८पासून ७० गावांच्या परिसरातल्या केंद्रांना वारणानगरशी जोडायला हीच टेलिफोनची तार होती. २००७च्या सुमारास तिथे कॉम्प्युटरच्या जागी एसएमएस वापरून पाहिला गेला. उसाच्या नोंदीला तेवढं पुरत होतं.

मोठ्यांनाही हे गणित सुटलं होतं असं नाही. अमेरिकेत एओएलने डिसेंबर १९९६मध्ये महिना १९.९५ डॉलरमध्ये हवं तेवढं इंटरनेट दिलं. लोक फोन ठेवेनासे झाले, बाकीच्यांना एंगेज, आणि जानेवारी १९९७मध्ये अनेक राज्यांच्या दबावाखाली कंपनीला पैसे परत देण्याचं कबूल करावं लागलं. आपल्याकडे टेलिफोनच्या पल्सचं मीटर फिरत असल्यामुळे लोक आपसूक फोन ठेवत. मीटरला शिव्या सगळ्यांनी दिल्या, पण मोजके मॉडेम पुरवून वापरले गेले ते त्याच्यामुळे.

आणि जागा मिळाली तरी पुढे काय? ३० मॉडेम मिळून दहा लाख बिटांची मागणी करतात. नोडमधून बाहेर जाणारी लीज्ड लाइन ६४ केबीपीएसची असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन केबीपीएस. म्हणून रॅकच्या तळाशी स्क्विड चालवणारा एक लिनक्सचा डबा असे, एकाने उघडलेलं पान दुसऱ्यासाठी साठवून ठेवणारा. सकाळी वर्तमानपत्रांची पानं त्यातूनच भराभर उघडत आणि ग्राहकाला वाटे, आज नेट फास्ट आहे.

ऑक्टोबर २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस ही किमान रेषा ठरवली आणि जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. लोकांनी वेग पाहिला. माझ्या मते मोठा बदल दुसराच होता: एक्स्चेंजमधल्या डीएसएलएएममध्ये प्रत्येक ग्राहकाला स्वतःचं पोर्ट मिळालं. हंटिंग गेलं, एंगेज गेला, दहाला एक हे प्रमाण निदान पहिल्या दारावरून हटलं. वाटणी मागे सरकली, संपली नाही. आज फायबरच्या एका जीपॉन पोर्टवर २.५ जीबीपीएस असतात आणि स्प्लिटरमागे ६४पर्यंत घरं. एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. आपल्याकडे ईवनचे ते डबे त्याच्या कितीतरी आधी भंगारात किलोवर गेले. ईवन स्वतः मात्र ऑफिसांच्या पीआरआय लाइनींत पुढेही बरीच वर्षं टिकून राहिला, आणि त्याचं घड्याळ कुठून घ्यायचं हा प्रश्न तिथेही तसाच विचारला जात होता.