पहिल्या रॅकेटचा प्रश्न

देवगाव रंगारीच्या आमच्या वस्तीत समाजमंदिराची मागची भिंत आहे. गेले वर्षभर एक आठवीतली मुलगी रोज संध्याकाळी लाकडी फळी घेऊन त्या भिंतीवर चेंडू मारते. आई शेतमजुरीला जाते, वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. टेनिसचे कोर्ट तिने डोळ्यांनी पाहिलेले नाही. पाहिले आहे ते मोबाईलवर. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. तो सामना तिने कुणाच्या तरी मोबाईलवर पाहिला आणि तेव्हापासून ती फळी तिच्या हातात आली.

मी निवृत्त शिक्षक. एके दिवशी तिने मला रस्त्यात गाठले. "जय भीम सर. टेनिसला स्कॉलरशिप असते का?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. मला वाटले होते, दोन ओळींचे उत्तर असेल. शोधू लागलो तेव्हा कळले की उत्तर लांब आहे आणि ते आपल्या सगळ्या समाजव्यवस्थेतून फिरून येते. हा प्रश्न उद्या तुमच्यापैकी कुणालाही एखादे पोर विचारील, म्हणून जे समजले ते मांडतो आहे.

आधी माझा या खेळाशी असलेला संबंध सांगतो. १९८०-८१ साली मी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शिकत होतो. खानावळीचे पैसे निघावेत म्हणून सकाळी एका क्लबात काम करी. कोर्टावर पाणी मारायचे, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या आणि साहेब लोक खेळू लागले की चेंडू वेचायचे. एकदा बाकावर पडलेली रॅकेट मी सहज उचलून पाहिली. तिचे वजन किती असते एवढेच मला बघायचे होते. "तुझं काम बॉल वेचायचं आहे," असे मला सांगण्यात आले. माझी जात कुणी विचारली नाही. विचारण्याची गरजही नव्हती. जाळीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आधीच ठरलेले होते.

पुढे पळवणकर बाळू यांच्याविषयी वाचले तेव्हा ही सकाळ आठवली. चांभार समाजातला हा माणूस पुण्याच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायला होता. गोरे अधिकारी त्याच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत; पण फलंदाजीची संधी त्याला कधी दिली गेली नाही. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. गुण होता, मैदानाशी रोजचा संबंध होता. साधन मात्र दुसऱ्याच्या हातात होते. टेनिसमधल्या पैशाचा प्रश्न मला इथूनच समजतो.

आता हा पैसा कसा वाटला जातो ते पाहू.

टेनिसमध्ये सगळे काही गुणांकनावर चालते. देशात अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या मुलामुलींच्या स्पर्धा असतात: टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशा चढत्या पायऱ्यांच्या. जिंकले की गुण मिळतात, गुणांवरून क्रमांक ठरतो आणि क्रमांकावरून पुढच्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. ऐकायला हे निर्मळ वाटते. पण गुण मिळवण्यासाठी स्पर्धेला जावे लागते. स्पर्धा आज पुण्यात, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यात. मूल एकटे जाऊ शकत नाही. बरोबर आई किंवा बाप हवा. दोघांचे भाडे, मुक्काम, प्रवेशशुल्क आणि बुडालेली मजुरी. जो वर्षाला वीस स्पर्धांना जातो आणि जो दोनच स्पर्धांना जातो, त्यांचे गुण एकाच यादीत लागतात. यादी गुण दाखवते. त्या गुणांमागचे तिकीट दाखवत नाही.

सामानाचे पाहा. चांगली रॅकेट दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. तिच्या तारा तुटतात, त्या पुन्हा भराव्या लागतात. चेंडू आठवड्यात मऊ पडतात. आमच्या गावी शेतमजूर बाईला दिवसाला तीनशेच्या आसपास हजेरी मिळते. हिशेब तुम्हीच करा.

या पायऱ्या चढून गेल्यावर मदतीची दारे दिसू लागतात. 'खेलो इंडिया' योजनेत २०१८ पासून निवडलेल्या खेळाडूला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे साहाय्य आठ वर्षे देण्याचे धोरण आहे. त्याच्या वर, २०१४ मध्ये सुरू झालेली 'टॉप्स' ही ऑलिम्पिक पदकासाठीची योजना. तिच्यात प्रशिक्षणाच्या आणि परदेशी स्पर्धांच्या खर्चाशिवाय मुख्य गटातील खेळाडूला महिना ५०,००० आणि विकास गटातील खेळाडूला २५,००० रुपये भत्ता ठरवलेला आहे. निवड मिशन ऑलिम्पिक सेल करतो आणि त्याची कसोटी एकच: पदक येईल का? ऑलिम्पिकच्या टेनिसमध्ये भारताला आजवर एकच पदक मिळाले आहे, १९९६ साली अटलांटात लिअँडर पेस यांचे कांस्य. या कसोटीवर टेनिसपटू रांगेत मागेच उभा राहतो.

दुसरे दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षणही आहे. परंतु कोणाला द्यायचे हे कंपनी ठरवते, आणि कंपनीला बहुधा ओळखीचा चेहरा हवा असतो.

तिसरे दार परदेशातले. विम्बल्डनसह चार मोठ्या स्पर्धांच्या पैशातून १९८६ पासून एक विकास निधी चालतो. टेनिसमध्ये मागे असलेल्या प्रदेशांतील निवडक खेळाडूंना त्यातून १२,५००, २५,००० किंवा ५०,००० डॉलरची अनुदाने मिळत आली आहेत. पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. त्या वर्षी पहिल्या शंभरांना ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ पर्यंत दीड लाख आणि १७६ ते २५० पर्यंत ७५,००० डॉलर अशी ती होती. बक्षिसांची कमाई याहून कमी पडली, तर उरलेली रक्कम संघटना भरून देते. ही सुधारणा चांगलीच आहे. पण ती जगातल्या २५० व्या माणसापाशी थांबते.

त्याच्या खाली काय आहे? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा हिशेब मांडला होता. प्रशिक्षकाचा खर्च सोडून एका पुरुष खेळाडूला वर्षाला सरासरी ३८,८०० डॉलर आणि स्त्री खेळाडूला ४०,१८० डॉलर खर्च येत होता. खर्च आणि कमाई यांची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या आणि स्त्रियांत २५३ व्या क्रमांकाला होत होती. सुमारे चौदा हजार खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांनी एक पैसाही बक्षीस मिळवले नव्हते. सर्वांत खालच्या, १५,००० डॉलरच्या व्यावसायिक स्पर्धेत मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरला तर १५६ डॉलर मिळतात, आणि आठवडाभर सगळे सामने जिंकले तर २,१६०. त्यात विमानाचे भाडेही सुटत नाही.

सुमित नागलचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, देशातला पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू असताना, बँकेत आपले फक्त ९०० युरो उरले आहेत असे त्याने सांगितले. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत त्याने मानांकित बुब्लिकला हरवले. हे अर्धे उदाहरण वर्तमानपत्रांनी छापले. मला उरलेले अर्धे महत्त्वाचे वाटते. नागल हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातील जैतपूर गावचा, प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. लहानपणी महेश भूपती यांच्या अकादमीच्या निवडीत तो निवडला गेला. त्या उपक्रमामागे अपोलो टायर्सचा पैसा होता. म्हणजे कुणीतरी त्याच्यावर क्रमांक येण्याच्या आधी खर्च केला. तो झाला नसता तर ९०० युरोंची बातमीही झाली नसती. ज्यांच्यावर तसा खर्च झाला नाही, त्यांची बातमी होत नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. टेनिसची मदत आधी यश मागते, आणि यशाला आधी मदत लागते. मधली आठ-दहा वर्षे ज्याच्या बापाने भरली, तोच योजनेच्या दारापर्यंत पोचतो. त्यानंतर निवड समिती कितीही प्रामाणिक असो, तिच्यासमोर येणारी नावे आधीच चाळलेली असतात. त्या चाळणीलाच आपण 'गुणवत्ता' म्हणतो. मोठ्या स्पर्धांच्या निधीने निदान एवढे मान्य केले आहे की जन्माच्या देशावरून संधी बदलते. देशाच्या आत, जन्माच्या वस्तीवरूनही ती बदलते, हे आपल्या नियमांनी मान्य करायचे राहिले आहे.

शिक्षणात आपण ही लढाई लढलेली आहे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ती संपली तेव्हा, १९१७ मध्ये, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. एका राजाच्या गुणग्राहकतेवर समाजाचे शिक्षण उभे राहत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारपुढे मागणी ठेवली आणि १९४४ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. त्याच परंपरेतल्या शिष्यवृत्तीवर मी शिकलो. मी वर्गात पहिला आहे का, असे तिने मला विचारले नाही. खेळातली मदत मात्र अजून सयाजीरावांच्या काळातच आहे: कुणाची नजर पडली तर मिळेल.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी या प्रश्नाला स्वतःचे उत्तर शोधले होते. गोऱ्यांच्या संघटनेची दारे बंद होती म्हणून त्यांनी १९१६ मध्ये आपली अमेरिकन टेनिस असोसिएशन काढली. ह्यूबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन काळ्या डॉक्टरांनी हार्लेमच्या अल्थिया गिब्सनला आपल्या घरी ठेवून घेतले, शिकवले, खेळवले. १९५७ मध्ये तिने विम्बल्डन जिंकले. रिचमंडमधल्या एका बागेच्या रखवालदाराचा मुलगा आर्थर ॲश याच जॉन्सनच्या हाताखाली तयार झाला. १९७५ चे विम्बल्डन त्याचे. तोवर, १९६९ मध्येच, गरीब मुलांसाठी त्याने मोफत टेनिसची चळवळ सुरू केली होती. शिकून मिळवत्या झालेल्या पिढीने आपला पैसा पहिल्या रॅकेटवर लावला, हे इथे लक्षात घ्यावे. आपल्यातही आता डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी आहेत. जयंतीच्या वर्गणीतून तालुक्यात दहा रॅकेटी ठेवायला काय हरकत आहे?

पण समाजाच्या वर्गणीने सरकारची जबाबदारी संपत नाही. तालुका क्रीडा संकुलात एक पक्के कोर्ट आणि सरावाची एक भिंत असावी, तिथे रॅकेट ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी मिळावी. जिल्हास्तरावर खेळणाऱ्या मुलाचे व एका पालकाचे भाडे स्पर्धेच्या आधी हातात पडावे. १९७९-८० पासून विशेष घटक योजनेने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे तत्त्व मान्य केले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. खेळावरच्या खर्चालाही हे माप लावा, अशी मागणी आपण का करू नये? कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्ह्यातला हिशेब मागावा: किती मुलांना, कोणत्या तालुक्यांतल्या, कोणत्या वयात मदत मिळाली. शिक्षकांनी नोंदणीचे अर्ज मुलांबरोबर बसून भरावेत.

मुलांना खोटी स्वप्नेही विकू नयेत. लाखांतला एखादाच व्यावसायिक होतो. पण खेळाच्या वाटेवर दुसरीही दारे आहेत. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. अमेरिकन विद्यापीठे टेनिसपटूंना शिष्यवृत्ती देतात. ऋतुजा भोसले अशीच टेक्सासच्या विद्यापीठात खेळली. मात्र अभ्यास सोडला तर ही दारे बंद होतात.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे सर, आधी नंबर आणावा लागतो. आणि नंबर आणायला रॅकेट लागते. मग रॅकेट कोण देतं?"

आम्ही चौघा निवृत्त शिक्षकांनी वर्गणी काढून एक जुनी रॅकेट आणली. ती तिने हातात घेतली, थोडी वर-खाली करून तिचे वजन पाहिले. तिला कुणी अडवले नाही. पण एका वस्तीतल्या एका मुलीची सोय झाली म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर झाले, असे मी मानत नाही. ते उत्तर अजून सरकारने द्यायचे आहे आणि आपण ते मागायचे आहे.