जन्मतः न रडणारें मूल

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे सर्वांचे कान त्याच्या पहिल्या रडण्याकडे लागलेले असतात. एरवीं रडणें हें दुःखाचें चिन्ह. परंतु हें एकच रडणें असें कीं, तें ऐकून आईच्या डोळ्यांत आनंदाश्रु उभे राहतात. तें ऐकूं आलें नाहीं तर? वार अकालीं सुटली, नाळ दबली किंवा प्रसूति अडली, म्हणजे बालकास प्राणवायु पुरेसा पोंचत नाहीं. डॉक्टर त्यास श्वास देऊन वांचवितात, आणि मग दारापाशीं ताटकळत उभा असलेला बाप एकच प्रश्न विचारतो, “डॉक्टरसाहेब, मूल पुढें चांगलें होईल ना?” या प्रश्नाचें उत्तर इतकें अवघड कां, हें येथें पाहावयाचें आहे.

मेंदूच्या पेशी प्राणवायूवांचून फार वेळ तग धरूं शकत नाहींत. परंतु सर्व हानि त्याच क्षणीं होते, असें नाहीं. श्वास सुरू झाल्यावर कांहीं तास मेंदू सावरल्यासारखा दिसतो. नंतर पेशींची शक्ति पुन्हां ढासळूं लागते. जाळ विझला तरी राखेखालीं निखारे धुमसत असावेत, तसाच हा प्रकार. मधले सुमारें सहा तास हीच उपचाराची संधि. म्हणून भाकित करावयाचें तें याच अवधींत केलें पाहिजे.

त्यासाठीं साधनें कोणतीं? अमेरिकेंतील डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनीं १९५३ सालीं एक सोपी पद्धति प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, स्पर्शास मिळणारा प्रतिसाद व कांति या पांच गोष्टींस प्रत्येकीं दोनपर्यंत गुण द्यावयाचे. पण शाळेंतील परीक्षेप्रमाणें येथेंही केवळ कमी गुणांवरून मुलाचें भवितव्य ठरत नाहीं. १९७६ सालीं डॉ. हार्वे व मार्गारेट सार्नाट यांनीं अशा बालकांच्या आजाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवरील बहुतेक बालकें सुधारतात, तिसरीवरील बहुतेक दगावतात किंवा कायमचीं अपंग होतात. खरा पेंच मधल्या पायरीचा. चुंबकशक्तीनें मेंदूचें चित्र घेणारें एम्. आर्. आय्. यंत्र बरेंच खात्रीनें सांगतें, पण कांहीं दिवसांनीं. आणि तोंवर संधि निघून गेलेली असते.

श्रीमंत देशांत अशा बालकाचें शरीर ७२ तास थंड ठेवतात व त्याचा गुणही येतो. तोच उपाय आपल्याकडे चालेल काय, हें पाहण्यासाठीं भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात रुग्णालयांत ४०८ बालकांवर ‘हेलिक्स’ नांवाचा प्रयोग झाला. मुंबईचें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकींच एक. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, तो धक्का देणारा होता: थंड ठेवलेल्या बालकांपैकीं शेंकडा ४२ दगावलीं, इतरांपैकीं शेंकडा ३१! आपल्याकडील पुष्कळ बालकांची हानि जन्मापूर्वींच सुरू झालेली असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. परक्याच्या मापानें शिवलेला अंगरखा आपणांस बसेलच असें नाहीं, हा यांतील धडा.

म्हणून आपल्याच बालकांचें रक्त बोलतें करण्याचा यत्न चालला आहे. भारतीय रुग्णालयांतील ४५ बालकांचें रक्त जन्मानंतर सहा तासांच्या आंत घेऊन, तीं दीड वर्षांचीं झाल्यावर संशोधकांनीं पुन्हां तपासलीं. ज्यांच्या मेंदूस इजा झाली होती त्यांच्या रक्तांतील ८५५ जनुकांचें कार्य इतरांहून निराळें आढळलें. हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. बालकें थोडीं होतीं, म्हणून यास अजून मोठ्या प्रमाणावर पडताळा हवा. तरी वाट दिसूं लागली आहे.

आतां आपल्या आंबिवलीचा विचार करूं. येथून शीव सुमारें ४५ किलोमीटर. सहा तासांत शहाड, कल्याण, ठाणें ओलांडून तेथें पोंचतां येईल. परंतु पहिला श्वास आगगाडीची वाट पाहात नाहीं. तो पहिल्या मिनिटांतच, जेथें प्रसूति होते तेथेंच, शिकलेल्या हातांनीं द्यावा लागतो. यास्तव आपल्या घरीं कोणी गरोदर असेल, तर प्रसूतीचें स्थान आधींच ठरवावें आणि तेथें बालकास श्वास देण्याची सोय आहे कीं नाहीं, हें निःसंकोच विचारावें.

आणि त्या बापाचें काय? “आज सांगतां येत नाहीं, पण आम्ही लक्ष ठेवून आहोंत,” असें म्हणणारा डॉक्टर अज्ञानी नव्हे, प्रामाणिक होय. ईश्वरानें मातीच्या मनुष्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असें आपण शास्त्रांत वाचतों. तो श्वास जपण्याचें काम मात्र त्यानें माणसाच्या हातीं सोंपविलें आहे.