दोन बोटांचं अंतर

घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की चर्चा आधी खरेदीवर जाते. माईकपुरतं तरी तिचं कारण नाही. शूर कंपनीचा एसएम ५७ हा साधा डायनॅमिक माईक १९६५ साली आला आणि आजही भल्याभल्या स्टुडिओंत गिटारच्या स्पीकरपुढे तोच दिसतो. महागडा कंडेन्सर माईक २० हजार हर्ट्‌झपर्यंत टिपतो हे खरं. पण गिटारचा स्पीकर पाच-सहा हजारांच्या वर मुळात फारसं काही देतच नाही. जे निघतच नाही ते टिपण्यासाठी पैसे का मोजायचे? आवाज घडतो तो माईक कुठे ठेवला यावरून, आणि त्यात दोन बोटांनीही फरक पडतो.

बारा इंची स्पीकरचा कागदी शंकू सगळे स्वर सारखे पसरवत नाही. तीन हजार हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ११ सेंटीमीटर, शंकू ३० सेंटीमीटरचा. त्यामुळे वरच्या कंप्रतांचा झोत सरळ समोर जातो, खर्ज मात्र खोलीभर पसरतो. वादक उभा, अ‍ॅम्प जमिनीवर. झोत त्याच्या गुडघ्यांवरून निघून जातो. कानाला आवाज बोथट वाटतो म्हणून तो ट्रेबल वाढवत राहतो, आणि जाळीला टेकवलेल्या माईकमध्ये करवतीसारखी धार उतरते. दोष मात्र माईकला! स्पीकरसमोर कान खाली नेऊन (आवाज आधी कमी करून, अर्थातच) ऐकलं तर हा घोळ तिथेच कळतो. मग माईक मध्यापासून कडेकडे थोडा सरकवला की ती धार निघून जाते. मागे नेला की जवळिकीमुळे फुगलेला खर्ज कमी होतो. इक्वलायझरचं निम्मं काम इथेच संपतं. खोली प्रशस्त नसली तरी बिघडत नाही, कारण इतक्या जवळून थेट आवाजापुढे भिंतींवरून परतणारा आवाज फिका पडतो.

यावर आक्षेप असा की व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज खूप वाढवल्याशिवाय खरा टोन येत नाही. १९६६च्या ‘ब्ल्यूजब्रेकर्स’ अल्बमसाठी गिटारवादक एरिक क्लॅप्टनने मार्शल अ‍ॅम्प दणक्यातच वाजवला होता, हे मान्य. पण १९७०च्या ‘लैला’ अल्बमच्या वेळी त्याच्यासमोर फेंडरचा छोटासा चॅम्प होता. अगदी १०० वॅटचा अ‍ॅम्प घेतला तरी ५ वॅटच्या तुलनेत फरक १३ डेसिबलचा, म्हणजे कानाला जेमतेम अडीचपट. दणक्यात जाणवणारा भरीवपणाही काही अंशी कानाचाच खेळ असतो: आवाज मोठा झाला की खर्ज अधिक ऐकू येतो. श्रोता तेच गाणं हळू लावतो तेव्हा तो भरीवपणा उरत नाही. अर्थात सामाईक भिंतींच्या फ्लॅटमध्ये ५ वॅटही शेजाऱ्यांना जास्तच होतात. तिथे आवाज खाली ठेवून व्हॉल्व्ह आणि स्पीकर ताणल्यावर येणारा थोडा रंग सोडून द्यावा लागतो.

मग अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअरच का नको? रात्री अकरानंतर तेच बरं. मात्र त्यातला स्पीकर म्हणजे बहुतेकदा कुणीतरी खऱ्या स्पीकरपुढे माईक ठेवून घेतलेली नोंदच असते. पडद्यावरही माईकचं चित्र शंकूच्या मध्यापासून कडेपर्यंत सरकवत बसावं लागतं, तेही ज्या जागा त्या माणसाने नोंदवल्या तेवढ्यांतच.